सणापुरती घरी नेतो!

'सणापुरती घरी नेतो. सण झाला की आणून सोडतो,' हे वाक्य आमच्या सीमाभागातील प्रत्येक प्रसूती विभागातील परिचारिकेने अगणित वेळा ऐकले असेल. गेल्या गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते वाक्य खुद्द आम्हीच उच्चारले. हे वाक्य बोलणारी माणसे निर्दय नसतात, आणि ती निरक्षरच असतात असेही नाही. आमच्यापाशी विद्यापीठाची कला शाखेची पदवी आहे, आणि अधिकाऱ्यांच्या दालनांत शिरून त्यांस जाब विचारण्याची वीस वर्षांची सवय आहे. त्या सवयीच्या बळावरच आम्ही वॉर्डात गेलो होतो. रुग्णास आपल्या जबाबदारीवर घरी नेत असल्याचा जो एक छापील कागद असतो, तो मागून घेतला होता आणि खिशातून लेखणीही काढली होती. ती सही झाली नाही. ती का झाली नाही, आणि झाली असती तर कशावर झाली असती, एवढेच आज सांगावयाचे आहे. नित्याच्या प्रश्नावरील मजकुराची वाट पाहणाऱ्या वाचकांनी एक दिवस क्षमा करावी.

मुलगी आमची भाची. इचलकरंजीस दिलेली, वय २३, पहिलटकरीण. सातवा महिना सरताना, ओटी भरून, रिवाजाप्रमाणे ती माहेरी म्हणजे खानापूर तालुक्यातील आमच्या धाकट्या बहिणीच्या घरी आली. सासरी तिची तपासणी वेळच्या वेळी होत होती. परंतु येताना साड्या आल्या, लोणच्याची बरणी आली, आणि तपासणीचे कार्ड तेवढे सासरच्या फडताळात राहिले. आठव्या महिन्यात हातांतील बांगड्या रुतू लागल्या, चेहरा भरला. घरच्या बायका म्हणाल्या, माहेरचे अन्न अंगी लागले. गावच्या आशाताईंना मात्र तो भरलेला चेहरा पाहून समाधान वाटले नाही. त्यांनी हट्टाने तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तेथे दंडास पट्टा बांधला तेव्हा रक्तदाब १५० वर १०० निघाला, लघवीत प्रथिने निघाली, आणि त्याच दुपारी १०८ च्या गाडीतून तिची रवानगी बेळगावच्या एका मोठ्या रुग्णालयात झाली. ३५ वा आठवडा चालू होता.

तेथे तिला दाखल करून घेतले, आणि पुढे तीन दिवस, घरच्यांच्या दृष्टीने पाहता, काहीच घडले नाही. मुलगी हिंडत होती, फिरत होती, शेजारच्या खाटेवरील बाईशी गप्पा मारीत होती. दर चार तासांनी कोणी तरी येई, पट्टा बांधी, आकडा लिही आणि जाई. सकाळी रक्त नेत, लघवी नेत, पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकत. दोन गोळ्या देत. संपले! तिसऱ्या दिवशी बहिणीने आम्हांस निरोप धाडून बोलावले आणि व्हरांड्यात उभे करून विचारले, ''दादा, काय झालंय सांग हिला? चालतीय, बोलतीय, जेवतीय. नुसता पट्टा बांधायला खाट अडवून बसायचं? उद्या गणपती, परवा-तेरवा गौरी. लेक माहेरला आलेली, आणि गौरीला घरात नाही? तू बोल की डॉक्टरांस्नी, तुझं ऐकतील.''

बहिणीचा प्रश्न खुळा नव्हता. दुखणे म्हटले की ते दुखले पाहिजे, ताप असेल तर अंग तापले पाहिजे, जखम असेल तर रक्त दिसले पाहिजे, अशी मनुष्याची सहज समजूत आहे. जे दिसत नाही व दुखत नाही त्यासाठी घर सोडून इस्पितळात पडून राहावे, हे बुद्धीस सहजी पटत नाही. या प्रश्नास कोणी तरी सरळ उत्तर द्यावयास हवे होते. तीन दिवसांत ते कोणी दिले नव्हते. 'बी.पी. वाढलंय, ठेवून घ्यावं लागेल,' या सहा शब्दांपलीकडे तिच्या आईला काही ठाऊक नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही नव्हते.

आज ते ठाऊक झाले आहे, म्हणून लिहितो. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील बिंबिका अशांपैकी कशावर तरी आघात झाल्याची खूण दिसणे, याला डॉक्टर प्रि-एक्लॅम्प्सिया म्हणतात. पूर्वी यालाच गर्भारपणातील विषबाधा म्हणत. कोणते तरी विष आईच्या रक्तात उतरते अशी समजूत होती. ते विष कोणाला कधी सापडले नाही आणि ते नावही मागे पडले. परंतु जुन्या वैद्यांचा तर्क अगदीच फसला होता असे म्हणवत नाही. आजच्या समजुतीप्रमाणे या व्याधीचे मूळ वारेत आहे. गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत गर्भाशयाच्या ज्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होऊन वारेस मुबलक रक्त पुरवावयाच्या, त्या काही जणींत पुरेशा रुंद होत नाहीत. उपाशी राहिलेली ती वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की, तिच्या साऱ्या देहातील रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर दुखावते. मग त्या आकसतात, दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपून हातापायांस व तोंडास सूज येते. म्हणजे रोगाचे बीज दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पडते आणि ते आठव्या-नवव्या महिन्यात उगवते. वार देहाबाहेर पडल्याखेरीज हा रोग मुळापासून जात नाही. अर्थात बाळंतपण हाच त्याचा खरा उपाय होय. गोळ्या दाब खाली ठेवतात. रोग थांबवीत नाहीत.

मग रुग्णालयात ठेवून काय साधते? विश्रांती साधते असे पुष्कळांस वाटते, आणि विश्रांती तर घरच्या पलंगावरही मिळेल, असा त्यावरचा युक्तिवाद असतो. हा युक्तिवाद बिनतोड ठरला असता, जर विश्रांती हे औषध असते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच स्पष्ट केले आहे की, केवळ खाटेवर सक्तीने निजवून ठेवण्याने हा रोग आवरत नाही, आणि जेवणातील मीठ तोडण्यानेही टळत नाही. (आमच्या घरी त्या पोरीला आठवडाभर अळणी भाजी घातली होती, हे येथे नमूद करून ठेवतो.) रुग्णालयात ठेवावयाचे ते पहाऱ्यासाठी. बाळाच्या फुप्फुसांस, मेंदूस पोटातील प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. आईच्या देहास तोच आठवडा घातक ठरू शकतो. या दोहोंमध्ये डॉक्टर दिवस मोजीत असतात. ३७ वा आठवडा गाठता आला तर उत्तम. ३४ च्या आधीच वेळ आली तर बाळाची फुप्फुसे पक्व होण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन थोडा अवधी साधावयाचा. आणि दाब १६० वर ११० च्या पुढे गेला, बिंबिका घसरल्या, बाळाचे ठोके मंदावले, तर मग दिवस मोजावयाचे नाहीत, त्या क्षणी निर्णय घ्यावयाचा. हा क्षण केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. तो रात्री दोन वाजता येतो, आणि चार तासांपूर्वीचा आकडा चांगला होता म्हणून थांबत नाही. आमच्या बहिणीला जे 'नुसता पट्टा बांधणे' वाटले, तेच त्या तीन दिवसांतील मुख्य काम होते.

तो क्षण हुकला तर जे होते त्याला आपल्याकडे आकडी म्हणतात, वैद्यकात एक्लॅम्प्सिया. ग्रीक भाषेतील त्या शब्दाचा अर्थ वीज चमकावी तसा अकस्मात लखलखाट, असा आहे. दातखीळ बसते, अंग ताठरते, झटके येतात, शुद्ध हरपते. कधी मेंदूत रक्तस्राव होतो, कधी वार आतल्या आत सुटते आणि बाळ गुदमरते. २००३ ते २००९ या काळातील जगभरच्या मातामृत्यूंचा जो हिशेब पुढे मांडला गेला, त्यात शेकडा १४ मृत्यू गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकारांनी झाले होते. आमच्या खेड्यांत आजही बाळंतपणातील आकडीस 'बाहेरचे' मानून अंगारा लावणारी घरे आहेत. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही अंगारा लावला नसता, इतकेच. आम्ही मुलीला रिक्षात बसवून गौरीच्या आरतीला नेले असते.

त्या दिवसाकडे वळतो. आम्ही कागद मागितला तेव्हा कामावर असलेल्या सिस्टर कन्नड भाषिक होत्या. आमचे नाव त्यांस ठाऊक होते, आणि आम्ही कोणत्या चळवळीचे हेही ठाऊक होते. त्यांनी वाद घातला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, ''सही कराल ओ मामा, मी नको म्हणत नाही. पयला माझ्यासंगट या.'' खाटेजवळ नेऊन त्यांनी आमच्या देखत पट्टा बांधला आणि आकडा आम्हांसच वाचावयास लावला. १७० वर ११०. सकाळी तो १४८ वर ९६ होता. मग त्या मुलीच्या उशाशी बसल्या आणि हळूच विचारले, ''डोकं दुखतंय काय ग?'' भाची आमच्याकडे पाहून गप्प राहिली. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, ''रात्रीपासनं ठणकतंय. डोळ्यापुढं काजवं चमकल्यागत होतंय.'' आम्ही म्हणालो, मग सांगितले का नाहीस? ती म्हणाली, ''सांगितलं असतं तर मामा, गणपतीला सोडलं नसतं.''

तेवीस वर्षांची शिकलेली मुलगी. तिला कोणी सांगितले नव्हते की, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे वा अंधारी, उजव्या बरगडीखाली पोटात कळ, आणि एकाएकी तोंडा-हातांवर चढलेली सूज ही घर चुकविणारी कुरबुर नसून वीज चमकण्यापूर्वीचे आभाळ आहे. आणि सिस्टरांनी जर ते तिच्या भाषेत विचारले नसते, तर तिने ते सांगितलेही नसते.

पुढील अर्ध्या तासात तिला शिरेतून दाब उतरविणारे औषध दिले गेले, आणि त्यासोबत मॅग्नेशियम सल्फेट. या औषधाविषयी चार शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण औषधांच्या जगात इतके गरीब आणि इतके गुणी औषध क्वचितच असेल. इंग्लंडातील एप्सम गावच्या विहिरींच्या कडू पाण्यातून मिळणारे, जुलाबासाठी वापरले जाणारे हेच ते एप्सम मीठ. अमेरिकेतील डॅलस येथील डॉ. जॅक प्रिचर्ड यांनी १९५५ साली आकडीवरील त्याच्या मात्रेची जी पद्धत मांडली, तिची आवृत्ती आजही आपल्या इस्पितळांत चालते. १९८४ साली त्यांनी २४५ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांत एकच माता दगावली होती. तरीही युरोपातील मोठमोठ्या पंडितांस हे जुलाबाचे मीठ पटेना; ते अन्य महागडी औषधे देत राहिले. अखेर १९९५ साली भारतासह अनेक देशांतील सुमारे १,७०० आकडीच्या रुग्णांवर रीतसर तुलना झाली आणि मिठाने त्या दोन्ही प्रतिष्ठित औषधांस मागे टाकले. २००२ साली ३३ देशांतील १०,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत असे सिद्ध झाले की, आकडी येण्यापूर्वीच हे औषध दिल्यास तिचा धोका निम्म्याहून खाली येतो. म्हणजे जी विद्या १९५५ साली हाती होती, ती जगाने निःशंकपणे स्वीकारण्यास जवळजवळ अर्धे शतक घेतले. त्या अर्धशतकात किती माता गेल्या याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

हे औषध स्वस्त असले तरी बेफिकिरीने द्यावयाचे नव्हे. मात्रा वाढली तर श्वास मंदावतो. म्हणून दर वेळी गुडघ्यावर लहानशी हातोडी मारून पाय उडतो की नाही ते पाहतात, श्वास मोजतात, लघवी मोजतात, आणि उताऱ्यासाठी कॅल्शियमचे इंजेक्शन जवळ ठेवतात. ती सारी रात्र आम्ही व्हरांड्यातून हे पाहिले. पहाटे शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. वजन दोन किलोला थोडे कमी. तिला चार दिवस नवजात बालकांच्या कक्षात ठेवले. घरी त्या वेळी गणपतीची प्रतिष्ठापना चालली होती असे नंतर कळले. आम्हांस त्याचे भान नव्हते.

बाळंतपण झाले म्हणजे सुटलो, ही आमची दुसरी चूक. ही चूक पहिलीपेक्षा अधिक घरांत होत असावी. वार पडली म्हणजे रोगाचे मूळ गेले हे खरे. परंतु दुखावलेले अस्तर एका दिवसात भरून येत नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास दाब पुन्हा उसळी घेतो, आणि आकडी प्रसूतीनंतरही येऊ शकते. बहुधा पहिल्या ४८ तासांत, पण क्वचित कित्येक दिवसांनीही. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे बाळंतिणीला घरी आणतात, काळोख्या खोलीत निजवितात, शेक-शेगडी, धुरी, कानाला बांधलेले फडके. त्या खोलीत ती म्हणाली की डोके दुखते, तर उत्तर ठरलेले असते: वारे लागले असेल, कान बांध. आमच्या भाचीचा दाब चौथ्या दिवशी पुन्हा १६० वर गेला. ती रुग्णालयातच होती म्हणून तो कोणाला तरी दिसला. गौरी जेवल्या, गेल्या, अनंत चतुर्दशी झाली, तेव्हा ती घरी आली. सोबत गोळ्या होत्या, आणि दर दोन-तीन दिवसांनी उपकेंद्रात दाब मोजून घेण्याची सक्त ताकीद.

आता थोडे घराबाहेर पाहू. आमच्याच बेळगाव व बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ या काळात या रोगासंबंधी एक मोठा प्रयोग झाला. आशाताई व परिचारिका घरोघर जात, रक्तदाब मोजीत, हातातील यंत्रात खुणा भरून धोका ठरवीत, गरजेप्रमाणे गोळी वा मॅग्नेशियमचे पहिले इंजेक्शन देऊन पुढे पाठवीत. हाच प्रयोग पाकिस्तान व मोझांबिक या देशांतही झाला. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपेक्षा अशी की मृत्यू व गंभीर आजार घटतील. एकंदर हिशेबात ते घटल्याचे दिसले नाही. संशोधकांनी ते लपविले नाही, आणि पुढच्या वाटेत आरोग्यव्यवस्था बळकट करण्याचाही समावेश हवा असे सांगितले. आम्ही यातून असे समजतो की, दारात रोग ओळखला जाणे ही अर्धीच वाट आहे. पुढे गाडी हवी, खाट हवी, रक्त हवे, जागा असलेला डॉक्टर हवा. आणि त्या खाटेवर ती बाई टिकली पाहिजे. शेवटची गोष्ट सरकारच्या हाती नाही. ती आमच्या-तुमच्या हाती आहे.

उपाय महाग नाहीत, हेही सांगितले पाहिजे. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की, दाब अतिशय चढला असतानाही तोंडावाटे घ्यावयाच्या तीन जुन्या, स्वस्त गोळ्यांपैकी कोणतीही बहुतेकींचा दाब सहा तासांत आटोक्यात आणते. त्यांत निफेडिपिन किंचित सरस. ज्यांना धोका अधिक आहे अशा स्त्रियांनी तिसऱ्या महिन्यापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्प मात्रेत ॲस्पिरिन घेतल्यास, मुदतीपूर्वी प्रसूती करावयास लावणारा हा रोग पुष्कळ अंशी टळतो, असे युरोपातील २०१७ च्या चाचणीने दाखविले आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, जेवण, ने-आण हे सारे २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी २०१६ पासून ठरलेली आहे. विनामूल्य म्हटले तरी सोबत राहणाऱ्या आईची मजुरी बुडते, बाप व्हरांड्यात फरशीवर निजतो, घरी म्हैस दोहावयास माणूस नसतो. 'घरी नेतो' या शब्दांमागे सणाइतकेच हेही असते, आणि वॉर्डातील साहेबांनी त्या शब्दांवर संतापण्याआधी ते विचारून पाहावे.

राहिला तो कार्डाचा प्रश्न. पहिलटकरणीने माहेरी यावे ही रीत गोड आहे, ती मोडा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ती सातव्या-आठव्या महिन्यात येते, आणि हा रोग नेमका त्याच सुमारास डोके वर काढतो. म्हणजे आकड्यांची साखळी नेमकी जेथे तुटू नये तेथेच तुटते. चौथ्या महिन्यात तिचा दाब ११० वर ७० होता हे ज्याला ठाऊक, त्याला १३६ वर ८८ पाहून शंका येईल. ज्याच्यापुढे ती कोरी येते, त्याला येणार नाही. सीमाभागात ही साखळी दुहेरी तुटते. इचलकरंजीचे कार्ड मराठीत. खानापुरात मिळालेले तायी कार्ड कन्नडमध्ये. चंदगडची बाई बेळगावास येते, निपाणीची कोल्हापुरास जाते. दुखण्यास राज्याची हद्द ठाऊक नसते, कागदास मात्र ती पक्की ठाऊक असते. भाचीच्या तायी कार्डावर धोक्याच्या खुणा छापलेल्या होत्या. चित्रेही होती. ती ते कार्ड रोज उशाखाली घेऊन निजत होती, आणि त्यातील एक अक्षर तिला वाचता येत नव्हते.

भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी १९५६ साली केंद्र सरकारने जे मान्य केले, त्यात ज्या तालुक्यात वा नगरात ती संख्या शेकडा १५ च्या वर आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत देण्याची तरतूद आहे. ते कलम आम्ही बसच्या पाट्यांसाठी उद्धृत केले, उताऱ्यांसाठी केले, पालिकेच्या नोटिसांसाठी केले, मोर्चे काढले, खटले अंगावर घेतले. गरोदर बाईच्या कार्डासाठी आम्ही ते एकदाही उद्धृत केले नाही. हा दोष कोणा सरकारचा नव्हे, आमचा आहे. येथे आणखी एक मोह आहे, तोही सांगून टाकतो. २०१८-२० च्या नमुना नोंदणीप्रमाणे दर लाख जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात ३३, कर्नाटकात ६९, देशात ९७. हे आकडे हाती घेऊन सभा गाजविता येईल. आम्ही गाजविणार नाही. आमच्या भाचीला ज्या सिस्टरांनी वाचविले त्या कोणत्या राज्याच्या नोकर होत्या आणि त्यांची मायबोली कोणती, हे आम्ही वर लिहिलेच आहे. मागावयाचे आहे ते त्यांच्याविरुद्ध नव्हे, त्यांच्यासाठीही आहे. दोन भाषांतील कार्ड हाती असते तर त्यांना खाटेवर बसून एकेक शब्द जुळवावा लागला नसता.

तेव्हा मागणी एवढीच आहे. खानापूर, बेळगाव, निपाणी या तालुक्यांतील तायी कार्डावर धोक्याच्या खुणा कन्नडसोबत मराठीतही छापाव्यात, आणि कार्डाच्या पहिल्या पानावर सासरचे जुने आकडे उतरविण्यास एक रकाना असावा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आम्ही येत्या सोमवारी निवेदन देणार आहोत. तरुण मंडळांपेक्षा महिला मंडळांनी यावे. ते छापून येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींकडून तपासून घेतलेला एका पानाचा मराठी मजकूर आमच्या कार्यालयात ठेवला आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका, मंडळे, ज्यांना हवा त्यांनी तो न्यावा, प्रती काढाव्यात, कार्डास टाचणी लावून जोडाव्यात. भाची सहाव्या आठवड्याच्या तपासणीस गेली तेव्हा दाब १२४ वर ८० निघाला आणि गोळ्या बंद झाल्या. पुढेही वर्षातून एकदा दाब मोजून घे, कारण ज्यांना हा रोग होऊन गेला त्यांना पुढील आयुष्यात रक्तदाब व हृदयविकार इतरांपेक्षा अधिक गाठतात, असे तिला सांगण्यात आले आहे. तेही त्या पानावर शेवटी घातले आहे.